जुन्या स्पोर्ट्स मोटारीची बैठक : फेकण्याआधी उलटून पाहा

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. लोकांनी फोटो काढले, वर्तमानपत्रांनी आठवणी छापल्या. पण त्या टॅक्सीवर आणखी एक धंदा उभा होता. टॅक्सीच्या गाद्या भरणारे, रेक्झिन चढवणारे, छताला फुलाफुलांचे कापड लावणारे कारागीर या शहरात गल्लोगल्ली होते. त्यांत आपले लोक पुष्कळ. आता नव्या गाडीचे सीट कव्हर कारखान्यातून शिवून येते आणि दुकानदार ते तासा-दोन तासांत चढवून देतो. मापे घेणारा, कापणारा आणि शिवणारा हात तिथे लागत नाही.

मग या हाताने करायचे काय? या लेखात आम्ही अशा एका कामाविषयी लिहीत आहोत, जिथे आजही हाताशिवाय चालत नाही. ते काम म्हणजे जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या आतल्या बैठकीची दुरुस्ती. सीट, डोअर पॅड, पायाखालचे मॅटिंग, कडेची पायपिंग, हे सारे त्यात आले. हा धंदा लहान आहे. सगळ्यांची पोटे त्यावर भरतील असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या हातात हुन्नर आहे आणि सबुरी आहे, त्याला यात कामाचा योग्य मोबदला मिळू शकतो. अट एकच. हे काम टॅक्सीच्या गादीसारखे “जुने फाडा, नवे चढवा” अशा रीतीने करायचे नाही.

आमचा धंदा कापडाचा. मोटारीचे इंजिन आम्हाला कळत नाही. पण माणूस मोटारीत ज्यावर बसतो ते शेवटी कापड, कातडे आणि दोरा. त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्हाला आहे, असे समजून लिहितो.

गाडी कोणती, साल कोणते?

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच गाडी समोर ठेवू. एम.जी.बी. ही दोन आसनांची, उघड्या छताची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावच्या कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत बनली. १९६५ पासून तिची बंद छताची ‘जी.टी.’ही निघाली. सगळ्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे त्या काळी आयातीवर कडक बंधने होती, म्हणून अशा गाड्या मोजक्याच. पण ज्यांच्याकडे एम.जी., जुनी जग्वार किंवा ट्रायम्फ आहे ते लोक तिला जिवापाड जपतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. त्यामुळे ‘मूळ स्वरूप’ या शब्दाला आता कागदोपत्रीही वजन आले आहे.

एम.जी.बी.च्या सीटचा माल अठरा वर्षांत सारखा राहिला नाही. सुरुवातीच्या गाड्यांत सीटचा समोरचा भाग, म्हणजे जिथे अंग टेकते तो, कातड्याचा होता आणि बाजू व पाठ त्याच रंगाच्या रेक्झिनसारख्या मालाची. कडेला बहुधा वेगळ्या रंगाची पायपिंग. १९७० च्या सुमारास कातडे गेले आणि व्हिनाइल आले. शेवटच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांना उभ्या पट्ट्यांचे कापड लागले, नारिंगी-तपकिरी किंवा राखी रंगांत. एकाच नावाच्या गाडीला तीन प्रकारचा माल.

म्हणून कारागिराने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा, गाडीचे साल कोणते? गिऱ्हाईक म्हणते, “सगळे लेदर करून टाका.” ऐकायला बरे वाटते, बिलही वाढते. पण मूळ गाडीत पाठीमागे कातडे नव्हतेच, तर तिथे कातडे लावून गाडी अधिक अस्सल होत नाही. जाणकार माणूस ते एका नजरेत ओळखतो आणि नाव कारागिराचे जाते.

कोणी म्हणेल, इंग्लंडात तर या गाडीचा सगळा सामान तयार मिळतो, मग दुरुस्तीची उठाठेव कशाला? खरे आहे. एम.जी.बी.साठी तिथे शिवलेली कव्हरे, कापलेले डोअर पॅड, मॅटिंगचे संच मिळतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने या गाडीचा पत्र्याचा पूर्ण सांगाडाही नव्याने बनवला. पण तयार संचाला जहाज किंवा विमानाचे भाडे आणि जकात लागते. संच आला तरी तो चढवायला जाणता हात लागतोच. शिवाय ज्या गाड्या पाच लाख नव्हे तर काही हजारच बनल्या, त्यांचे असे संच मिळण्याची खात्री नाही. तिथे जुने कव्हर हाच एकमेव नमुना.

आधी पाणी, मग कापड

आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. कुर्ल्याला बसतात, वय साठीच्या पुढे, उभे आयुष्य मोटारीच्या गाद्यांत गेले. त्यांचा नियम असा की गाडी आली की सुई-दोरा बाजूला ठेवायचा आणि प्रथम मॅटिंग उचलून खाली हात फिरवायचा. ओल लागली तर काम सुरू करायचे नाही. गाडी परत गॅरेजला.

या नियमात मोठा अर्थ आहे. उघड्या छताच्या गाडीत पाणी हूडच्या कडेने, काचेच्या चौकटीखालून, दाराच्या रबरातून आत येते. मॅटिंग ते शोषून घेते आणि खाली पत्रा गंजत राहतो. अशा गाडीत नवे काम केले तर एका पावसाळ्यात बुरशी धरते, सोल्युशन सुटते आणि दोष कारागिरावर येतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे ठरलेलेच. तेव्हा गळती बंद, पत्र्याचा गंज साफ, मग कापड, हा क्रम सोडू नये.

जुने कव्हर हाच फर्मा

आता मुख्य गोष्ट. जुने, फाटके, मळके कव्हर दिसले की आपला हात आधी कात्रीकडे जातो. तो आवरावा. त्या फाटक्या कव्हरात कारखान्याच्या कटरने घेतलेली सगळी मापे शाबूत आहेत. ती पुन्हा कुठे लिहिलेली सापडणार नाहीत.

प्रथम चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. पायपिंग कुठून सुरू होते, कुठे संपते, सांधा कुठे लपवला आहे, हे टिपावे. कव्हर सांगाड्याला तारेच्या कड्यांनी किंवा क्लिपांनी अडकवलेले असते. त्यांच्या जागा खडूने खुणाव्यात. मग कव्हर उतरवून उलटे करावे. आतल्या बाजूला मूळ रंग दिसतो, कारण तिथे ऊन पोहोचलेले नसते. गिऱ्हाईक म्हणते सीट विटकरी होती; उलटून पाहिले तर ती गडद लाल निघते. नव्या मालाचा रंग आतल्या बाजूवरून जुळवावा, बाहेरच्यावरून नाही.

शिलाई उसवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर दर दोन-तीन इंचांना आडवी खूण करावी, म्हणजे उसवल्यावर कोणता तुकडा कुठे भिडतो ते कळते. तुकड्यांवर नंबर आणि ‘डावा’, ‘उजवा’, ‘वर’ असे लिहावे. मग ते जाड कागदावर आखून फर्मे बनवावेत.

इथे एक सावधगिरी. जुना तुकडा जसाच्या तसा आखला तर नवे कव्हर बसत नाही. कातडे वर्षानुवर्षे बसून ताणलेले असते. उलट व्हिनाइल आकसलेले असते. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड सर्वांत जास्त खराब होते, कारण चढता-उतरताना माणूस तिच्यावरूनच घसरतो. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत ती उजवी कड. म्हणून फर्मा बाजूच्या सीटवरून घ्यावा आणि उलटा करून ड्रायव्हरच्या सीटला लावावा. ती सीट कमी वापरलेली असते, तिचा आकार खरा असतो. शंका राहिली तर आधी स्वस्त मांजरपाटाचे कव्हर शिवून चढवून पाहावे. दोन मीटर मांजरपाट वाया गेला तरी चालेल, कातडे वाया जाऊ नये.

कातडे : जितके वाचेल तितके वाचवा

जुन्या इंग्लिश गाड्यांच्या कातड्यात कॉनोली हे नाव मोठे. १८७८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या घराण्याचे कातडे रोल्स-रॉइस आणि जग्वारसारख्या गाड्यांत लागत असे. त्यांची टॅनरी २००२ साली बंद झाली. चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथे चांगले कातडे आजही मिळते, पण पन्नास वर्षांपूर्वीचे तेच कातडे आता गाडीत उरले असेल तेवढेच. म्हणून ते फेकताना दहादा विचार करावा.

वरची शिलाई उसवली असेल आणि कातडे मजबूत असेल तर जुन्या भोकांतूनच सुई घालून हाताने शिवता येते. नवी भोके पाडू नयेत. लहान चीर पडली असेल तर वरून सोल्युशन ओतू नये. चिरेच्या आतून पातळ पण घट्ट विणीच्या कापडाचे ठिगळ सरकवावे, ते लवचीक सोल्युशनने चिकटवावे आणि कडा एकमेकींना भिडवून दाबून ठेवाव्यात. नुसत्या बारीक भेगा असतील तर साफ करून, कातड्यासाठीच्या लवचीक भरणाने बुजवून, पाण्यात मिसळणाऱ्या कातड्याच्या रंगाचे पातळ हात द्यावेत. एक जाड हात देऊ नये. बसताच तो तडकतो.

साफ करताना आधी लपलेल्या कोपऱ्यात तपासून पाहावे. ओल्या फडक्याला सौम्य साबण पुरेसा होतो. थिनर, रॉकेल यांना हात लावू नये. मूळ रंग निघून येतो. खोबरेल तेल चोळण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडावी. तेल शिलाईत उतरते, धूळ धरते आणि नंतर रंग किंवा सोल्युशन त्यावर बसत नाही. बुटाचे पॉलिश तर गिऱ्हाइकाच्या कपड्यांना लागते.

कातडे पार मऊ पडून हाताने कागदासारखे फाटत असेल तर मात्र ते गेले. तिथे दुरुस्तीचा हट्ट धरणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे बुडवणे. फक्त तेवढा पट्टा बदलावा, बाकीचे ठेवावे.

रेक्झिनची गोष्ट

रेक्झिन हा शब्द आपण रोज वापरतो, पण ते मुळात एका इंग्लिश मालाचे व्यापारी नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात ते बनत असे. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोज, कापूरतेल आणि रंग यांचा थर देऊन त्यावर कातड्यासारखे दाणे उठवत. म्हणजे रेक्झिन मुळात आमच्याच धंद्यातले, कापडच. पुढे थर पीव्हीसीचा झाला आणि नाव आपल्याकडे तेच राहिले.

पीव्हीसीत मऊपणा आणणारे एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने ते हळूहळू उडून जाते. बंद गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धूसर थर बसतो, त्यात हेच द्रव्य असते. ते निघून गेले की माल कडक होतो, आकसतो आणि शिलाईजवळ फाटतो. गेलेला मऊपणा वरून काही चोळून परत येत नाही. तेव्हा कडक झालेले व्हिनाइल बदलावे, मऊ असलेले ठेवावे.

नवे घेताना पाठीचे कापड पाहावे. विणकाम होजिअरीसारखे असेल तर माल ताणतो आणि सीटच्या गोलाईवर बसतो. पाठ ताण्या-बाण्याच्या साध्या कापडाची असेल तर तो डोअर पॅडला ठीक, सीटला नाही.

आणखी एक इशारा. बाजारात पीयूचे स्वस्त ‘लेदर’ येते. हाताला मऊ, दिसायला झकास. पण हलक्या प्रतीचा पीयूचा थर दमट हवेत कुजतो. दोन-चार पावसाळ्यांत पर्सचे, सोफ्याचे, चपलेचे पापुद्रे निघतात, ते सगळ्यांनी पाहिले आहेत. जुन्या गाडीत असा माल लावू नये. आणि त्याला लेदर म्हणून तर मुळीच विकू नये. कापलेल्या कडेला कापडाची पाठ दिसली तर ते कातडे नव्हे, हे गिऱ्हाइकाला स्वतः दाखवावे. इमानदारीने सांगितलेला स्वस्त माल चालतो; लपवलेला उघडा पडला की दुकान बसते.

पट्ट्यांचे कापड

मूळ सीट कापडाची असेल तर पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड आणून भागवू नये. आमच्या व्यापारी बांधवांनी तीन गोष्टी विचाराव्यात. रंग उन्हात किती टिकतो? त्याचे माप १ ते ८ असे असते आणि उघड्या गाडीसाठी ६ च्या खाली जाऊ नये. घासून किती टिकते? त्याला मार्टिनडेल चाचणी म्हणतात. जास्त वापराच्या सोफ्याला साधारण २५ ते ३० हजार घासण्या सोसणारे कापड मागतात, तेवढे तरी हवेच. तिसरी गोष्ट, पेट किती वेगाने घेते? अमेरिकेत १९७२ पासून नियम आहे की गाडीच्या आतला माल मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. आपण ज्यावर माणसाला बसवतो त्याबाबत हा विचार हवाच.

पट्ट्यांच्या कापडात माल जास्त धरावा. पाठीवरची पट्टी खाली बैठकीवरच्या पट्टीला भिडली पाहिजे आणि डावी सीट उजवीशी जुळली पाहिजे. कापडाची पायपिंग असेल तर पट्टी उरेब कापावी, नाहीतर वळणावर चुण्या पडतात. हे आपल्या शिंप्यांना सांगायला नको, पण मोटारीच्या कामात घाईने विसरले जाते. सगळा माल एकाच लॉटचा घ्यावा, हे तर मंगलदास मार्केटातला नवा नोकरही सांगेल.

गादीच्या पोटात

सीट खचली की लोक फोम बदलतात. एम.जी.बी.त बहुधा दोष फोमच्या खाली असतो. सुरुवातीच्या सीटमध्ये फोमखाली रबरी पट्टे ताणलेले होते, नंतरच्या सीटमध्ये आकड्यांनी अडकवलेला एक रबरी पडदा. हे रबर सैल पडते, तडकते. ते न बदलता वर कितीही फोम भरा, महिनाभरात सीट पुन्हा खाली. जुना रबरी फोम हाताने चुरून त्याची भुकटी होत असेल तर बदलावा. नवा फोम ३२ किंवा ४० डेन्सिटीचा घ्यावा, पण जाडी मूळ मापाची ठेवावी. एक इंच जास्त भरला तर चालवणाऱ्याचे डोके हूडला लागते आणि गुडघे स्टिअरिंगला. सांगाड्याचा गंज घासून रंग द्यावा. ती संधी पुन्हा येत नाही.

कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लास्टिक पांघरले की ते सहज सरकते. व्हिनाइलचे कव्हर आधी तासभर उन्हात ठेवावे. मऊ होते आणि कोपरे नीट बसतात.

दाराचे पॅड

डोअर पॅडची वरची बाजू चांगली आणि खालची फुगलेली, हे नेहमीचे दृश्य. कारण काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाते. तिथे जाणे स्वाभाविक आहे. दाराच्या खालच्या भोकांतून ते बाहेर पडायला हवे. ती भोके मातीने बुजली की पाणी साठते आणि हार्डबोर्ड ते पितो. म्हणून आधी भोके मोकळी करावीत. दाराच्या पत्र्यावर पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवावा. फुगलेला बोर्ड ३ मिलिमीटरच्या नव्या बोर्डाने बदलावा, जुन्यावर ठेवून भोके आखावीत आणि पाठीला व कडांना वॉर्निश द्यावे. वरचे मूळ रेक्झिन सावकाश सोडवून नव्या बोर्डावर चढवता आले तर त्याहून चांगले काही नाही.

दोरा, सुई, सोल्युशन

सुती दोरा वापरू नये. ओल आणि ऊन दोन्ही त्याला खातात. सीटला बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा, टेक्स ७० ते ९० जाडीचा. कातड्याला धारदार टोकाची सुई, कापडाची पाठ असलेल्या व्हिनाइलला गोल टोकाची. टाका साधारण ४ मिलिमीटर, म्हणजे इंचाला सहा. बारीक टाका दिसायला सुबक, पण भोके जवळ आली की माल टपालाच्या तिकिटासारखा ओळीने फाटतो. मशीन वरून-खालून दोन्हीकडून माल ओढणारे हवे, नाहीतर वरचा थर मागे राहतो.

उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर तापतो. साधे सोल्युशन तिथे सुटते. उष्णता सोसणारेच घ्यावे. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यावे, मगच दाबावे. आणि कारागीर बंधूंनो, आपल्या जिवाचाही विचार करा. सोल्युशनची वाफ डोक्यात चढते आणि ठिणगीने पेट घेते. खिडकी-दार उघडे ठेवा, जवळ शेगडी नको, बिडी नको. लहान मुलाला त्या कामाला बसवूच नका.

हिशेब असा मांडा

आता मोबदल्याचे. आपला कारागीर बुडतो तो ‘सेटचा भाव’ सांगून. टॅक्सीच्या कामाला तो चालत होता, कारण प्रत्येक गाडी सारखी होती. जुन्या स्पोर्ट्स गाडीत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही.

कुर्ल्याच्या त्या कारागिरांकडे एक तरुण मालक १९६७ ची एम.जी.बी. घेऊन आले.

“चाचा, लाल लेदर, चौकटीची शिलाई. सेटचे किती?”

“शेठ, आधी एक सीट उतरवू द्या. उतरवण्याचे एका दिवसाचे पैसे द्या. मग काय वाचते, काय जाते ते दाखवतो. काम द्या की नका देऊ, तुमची मर्जी.”

मालकांना ते नवे वाटले, पण मानले. कव्हर उलटल्यावर आत काळे कातडे निघाले, पांढऱ्या पायपिंगचे, पाठ शाबूत. चौकटीच्या शिलाईचा विषय तिथेच मिटला. बैठकीचे पट्टे, बाहेरची कड, पायपिंग आणि रबर एवढेच बदलायचे ठरले. मालाचे पैसे कमी झाले, मजुरीचे वाढले. मालक खूश, कारागीरही खूश.

असा हिशेब सगळ्यांनी लिहून द्यावा. दोन सीट आणि दोन डोअर पॅड यांचे काम समजा असे आहे : उतरवणे व खुणा १ दिवस, उसवणे व फर्मे २, सांगाडा-रबर-फोम २, कटिंग १, शिलाई ३, चढवणे २, डोअर पॅड २. एकूण १३ दिवस. यातले शिलाईचे तीनच दिवस गिऱ्हाइकाला दिसतात. बाकीचे दहा दिवस कागदावर लिहिले नाहीत तर त्यांचे पैसे कोण देणार?

मालाचा हिशेबही नीट समजावा. कातडे चौरस फुटावर विकते, रेक्झिन मीटरवर. ५४ इंच पन्ह्याचे एक मीटर रेक्झिन म्हणजे सुमारे पावणेपंधरा चौरस फूट. समजा रेक्झिन ६०० रुपये मीटर आणि कातडे १५० रुपये फूट. अनाड्याला कातडे स्वस्त वाटेल. पण रेक्झिन पडले फुटाला ४१ रुपये. कातड्यात मान, पोट, डाग सोडून समजा शंभरातले सत्तर फूट कामाला आले, तर तेच फुटाला २१४ रुपये पडले. पाचपट फरक. हा हिशेब आधी दाखवला की मागून भांडण होत नाही.

काम संपल्यावर काढलेले सगळे जुने तुकडे एका पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून मालकाला द्यावेत. त्याने ते जपून ठेवावेत. कागदाचे फर्मे मात्र कारागिराने आपल्याकडे ठेवावेत, गाडीचे नाव आणि साल लिहून. तशीच दुसरी गाडी आली तर फर्म्याचे दोन दिवस वाचतात आणि ती बचत आपल्या घामाची असते. ज्या दुकानात दहा गाड्यांचे फर्मे भिंतीला टांगलेले आहेत, त्या दुकानात शागीर्दाला शिकण्यासारखे काही आहे. आणि उस्तादाचे हात थकल्यावरही ते दुकान चालू राहील.